'क्रेस्टफॉलन' ईपी: विलंबित पक्का, जोड कच्चा

डेथ-डूम हा मेटल संगीताचा प्रकार म्हणजे जोडराग आहे, दोन प्रकार एकात मिसळलेला. डेथ मेटलचा खर्जातला घोगरा आवाज आणि जड गिटार घ्यायची, ती डूमच्या संथ लयीत बसवायची, आणि सांधा कुठे आहे हे ऐकणाऱ्याला कळू द्यायचं नाही. कोल्हापूरच्या माणसाला हे फार उलगडून सांगावं लागू नये. १८९५ पासून शाहू महाराजांच्या दरबारी असलेल्या उस्ताद अल्लादिया खाँसाहेबांनी जयपूर-अत्रौली घराण्याची गायकी याच गावात रुजवली, आणि हे घराणं ओळखलं जातं ते अनवट आणि जोड रागांसाठी. बसंती केदार घ्या. बसंत किती आणि केदार किती हे मोजत बसलं तर राग हातातून निसटतो. गाणाऱ्याने तो असा मांडायचा, की दोन्ही एकाच श्वासात यावेत. अ‍ॅनाथिमाचा 'क्रेस्टफॉलन' ईपी (अल्बमहून छोटी ध्वनिमुद्रिका) याच कसोटीवर घासून पाहिला, तर त्यात काय साधलंय आणि टाका कुठे उसवलाय, दोन्ही स्पष्ट दिसतं.

आधी माहिती. अ‍ॅनाथिमा हा लिव्हरपूलचा बँड, १९९० साली 'पेगन एंजल' या नावाने सुरू झालेला. हा ईपी १९९२ च्या अखेरीस पीसव्हिल रेकॉर्ड्सने काढला. गायक डॅरेन व्हाइट, गिटारवर डॅनियल आणि व्हिन्सेंट कॅव्हना हे भाऊ, बेसवर डंकन पॅटरसन, ड्रम्सवर जॉन डग्लस. पाच गाणी: 'अँड आय लस्ट', 'द स्वीट सफरिंग', 'एव्हरवेक', 'क्रेस्टफॉलन', 'दे डाय'. एकूण लांबी अर्ध्या तासाच्या थोडी पुढे. पॅराडाइज लॉस्ट, माय डाइंग ब्राइड आणि अ‍ॅनाथिमा हे पीसव्हिलचं त्रिकूट, आणि इंग्लंडच्या उत्तरेत डेथ-डूमला आकार आला तो या तिघांच्या हातून. त्यांत अ‍ॅनाथिमा वयाने सगळ्यात कोवळे. कॅव्हना भाऊ तेव्हा एकोणीस-वीस वर्षांचे होते.

पाचपैकी तीन. यातला एक पूर्ण गुण एकट्या 'दे डाय'चा.

संथ लयीबद्दल आधी बोलू, कारण या ईपीची खरी कमाई तिथे आहे. मेटल ऐकणाऱ्या बऱ्याच पोरांचा असा समज असतो, की डूम म्हणजे नेहमीचाच रिफ (गिटारचा पुन्हापुन्हा येणारा तुकडा) निम्म्या वेगाने वाजवायचा. तसं केलं की गाणं जड होत नाही, नुसतं रेंगाळतं. मिनिटाला ६० ठोक्यांच्या लयीत चार मात्रांचा एक बार बरोबर चार सेकंद घेतो. त्या चार सेकंदांत एकच कॉर्ड (एकत्र छेडलेले सूर) धरून ठेवायचा असेल, तर तो कॉर्ड विझत जाताना त्याच्यात काय घडतंय याचा विचार आधीच झालेला हवा. आपल्याकडच्या विलंबित ख्यालात हेच काम आहे. मिनिटाला ४० मात्रा धरल्या तर तीनतालाचं एक आवर्तन २४ सेकंदांचं होतं, आणि जयपूरचा गवई ते सगळं आवर्तन मात्रेला धरून भरत समेवर येतो. मोकळी जागा सोडली तरी तिला दिशा असते. 'क्रेस्टफॉलन'वर दोन गिटारींनी ही जागा धरण्याची एक साधी आणि पक्की युक्ती वापरली आहे: एक गिटार खाली कॉर्ड धरते, दुसरी वर लांबट, रडवेली सुरावट ओढते. खालचा कॉर्ड विझायला लागतो तेव्हा वरचा सूर अजून चालू असतो, म्हणून कान रिकामा पडत नाही. तंबोऱ्याच्या चार तारा एकापाठोपाठ छेडताना पहिलीची आस, म्हणजे मागे घुमणारा नाद, संपायच्या आत पुढची लागते, त्याच जातीचं हे काम.

या वयात हे सुचणं मोठी गोष्ट आहे. पुढे अनेक वर्षं या बँडने वेगवेगळी रूपं घेतली, ग्रोल (तो खर्जातला घोगरा आवाज) टाकला, जडपणा टाकला, पण वर सुरावट आणि खाली धरलेला सूर ही बांधणी शेवटपर्यंत सुटली नाही. तिचं मूळ इथे ऐकायला मिळतं.

आता टाका कुठे उसवतो ते. पहिल्या दोन गाण्यांत लय बदलते त्या जागा नीट ऐका. संथ भाग चालू आहे, एक ड्रम फिल (दोन भागांमधला ड्रम्सचा छोटा तुकडा) येतो, आणि पुढचा भाग वेगळ्याच लयीत उभा राहतो. दोन्ही भाग आपापल्या जागी चांगले आहेत. अडचण अशी, की दुसरा भाग पहिल्यातून उगवत नाही, त्याच्या शेजारी आणून ठेवल्यासारखा वाटतो. लय वाढवायचे मार्ग मोजकेच असतात. एक, मात्रा तीच ठेवून दुगुन (दुप्पट वेग) करायची, म्हणजे ऐकणाऱ्याच्या पायाचा ठेका मोडत नाही. दोन, रिफचे सूर तेच ठेवून फक्त त्यांची विभागणी बदलायची. तीन, मध्ये पूर्ण शांतता ठेवून नवी लय नव्याने सुरू करायची. इथे बऱ्याच ठिकाणी लयही बदलते आणि रिफही बदलतो, दोन्ही एकाच वेळी, आणि कानाला धरायला काहीच उरत नाही. जोडरागात एका रागातून दुसऱ्यात जायचं तर दोघांत समान असलेल्या सुरावरून जातात. असा समान सूर या गाण्यांत फार ठिकाणी ठेवलेला नाही. 'द स्वीट सफरिंग'मध्ये हे जास्त खटकतं, कारण त्यातले सुटे रिफ 'अँड आय लस्ट'पेक्षा सरस आहेत आणि वाया गेल्यासारखे वाटतात.

गायनाबद्दल मत दोन बाजूंनी ओढलं जातं. डॅरेन व्हाइटचा ग्रोल नेहमीच्या डेथ मेटलसारखा आखीव, ठोक्यावर कापलेला नाही. तो कण्हण्याकडे झुकतो, अधूनमधून बोलण्यावर येतो. संथ भागांत हे अतिशय योग्य आहे, कारण आवाज ठोक्याच्या थोडा मागे राहिला की जडपणा वाढतो. जलद भागांत तोच गुण दोष होतो. शब्द लयीवर बसत नाहीत आणि गिटारच्या पाम म्यूटशी (तळव्याने दाबून काढलेल्या तुटक आवाजाशी) त्यांची टक्कर होते. शब्दांमधलं दुःखही जरा जास्तच नटलेलं आहे, विशीच्या आतबाहेरच्या वहीत असतं तसं. ते खोटं मात्र कुठेही वाटत नाही, म्हणून माफ.

'एव्हरवेक' हे तिसरं गाणं म्हणजे अ‍ॅकॉस्टिक गिटार आणि रूथ विल्सन या पाहुण्या गायिकेचा स्वच्छ आवाज, तीन मिनिटांच्या आत संपणारं. सुटं ऐकलं तर सुंदर आहे. ईपीत ते जिथे बसवलंय तिथे त्याचा उपयोग विसाव्यापलीकडे होत नाही. आधीच्या गाण्यातला एखादा सूर ते उचलत नाही आणि पुढच्या लांब गाण्याला काही हातातही देत नाही. ठुमरी चांगली असते, पण बडा ख्याल आणि द्रुत यांच्या मधोमध तिला आणून बसवत नाहीत.

मग येतं ईपीच्याच नावाचं गाणं, दहा मिनिटांच्या घरातलं. हा ईपी ज्यांना आवडतो त्यांना बहुतेक याच्यासाठी आवडतो, आणि ज्यांना कंटाळा येतो त्यांनाही इथेच येतो. दोघांचंही खरं आहे. इथे बँड घाई करत नाही, आणि वर सांगितलेली दोन गिटारींची युक्ती पूर्ण फुलते. पण एका रिफला किती आवर्तनं द्यायची याचा हिशेब चुकलेला आहे. चार वेळा आलेला रिफ पाचव्यांदा यायचा असेल, तर त्या पाचव्या वेळी काहीतरी बदललेलं हवं: ड्रमरने हाय-हॅट सोडून राइड सिंबल धरावी, बेसने खालचा सूर बदलावा, नाहीतर दुसरी गिटार थांबावी. विलंबितात बंदिशीचा मुखडा पुन्हापुन्हा येतोच, पण दर वेळी वेगळ्या वाटेने समेवर येतो. इथे काही आवर्तनं आधीच्यासारखीच हुबेहूब येतात. सात मिनिटांत हे गाणं पोलादी झालं असतं.

'दे डाय' शेवटी येतं आणि सगळं जुळतं. सुरावट एकच आहे, पण ती वाढते. लय बदलण्याचा हव्यास नाही, त्यामुळे सांधा दाखवायचा प्रश्नच येत नाही. ग्रोल कमी आणि नेमका आहे. पुढच्या वर्षी, १९९३ मध्ये, 'सेरेनेड्स' या पहिल्या अल्बमवर बँडने हे गाणं 'दे विल ऑलवेज डाय' या नावाने पुन्हा घेतलं. दोन्ही लागोपाठ ऐका. आपल्या हातात नेमकं काय लागलंय हे त्यांना तेव्हाच कळलं होतं, असं वाटतं.

आवाजाच्या दर्जाबद्दल थोडं सविस्तर, कारण या ईपीबद्दलची निम्मी तक्रार खरं तर मिक्सिंगची असते आणि ती संगीतावर ढकलली जाते. गिटारींचा मधला पट्टा, साधारण २०० ते ४०० हर्ट्झ, गाळाने भरलेला आहे. डिस्टॉर्शन लावलेल्या दोन गिटारी, बेसची वरची बाजू आणि ग्रोलची छाती, हे सगळं याच पट्ट्यात एकमेकांवर बसतं. त्यामुळे बेस ऐकू येण्याऐवजी जाणवतो, आणि किक ड्रमचा नुसता टणका वर येतो, पोट खाली राहतं. हे ऐकणाऱ्याच्या हातात थोडं सुधारता येतं:

फोनच्या स्पीकरवर ऐकू नका. गिटारची सगळ्यात जाड तार नेहमीच्या ट्यूनिंगमध्ये ८२ हर्ट्झला लागते आणि बेसची ४१ ला. फोनचा चिमुकला स्पीकर हे मूळ सूर देऊच शकत नाही, तुम्ही फक्त त्यांच्या वरच्या सावल्या ऐकता. साधे तारेचे इअरफोन चालतील, पण कानात घट्ट बसले पाहिजेत, कारण फट राहिली की पहिल्यांदा खालचे सूर गळतात. अ‍ॅपमधला 'बेस बूस्ट' बंद ठेवा. तो बहुधा १०० ते २५० हर्ट्झ फुगवतो, म्हणजे गाळात आणखी गाळ. त्याऐवजी इक्वलायझरमध्ये २५० हर्ट्झच्या आसपास ३ डेसिबल कमी करा, ६० ते ८० ला २ डेसिबल वाढवा, आणि ३ किलोहर्ट्झला एखादा डेसिबल द्या. त्याहून जास्त केलंत तर सिंबल कानाला टोचायला लागतील. शफल बंद. 'एव्हरवेक'च्या जागेबद्दल तक्रार असली तरी पहिल्यांदा क्रम मोडू नये.

आणि एक, पावसाबद्दल. असलं संगीत पावसात ऐकायला छान असं सगळे म्हणतात. काचेच्या खिडकीमागे असेल तर ठीक. पण आपल्याकडचा जुलैतला पाऊस पत्र्यावर पडतो तेव्हा त्याचा आवाज सगळ्या पट्ट्यांवर पसरलेला असतो, आणि सिंबलची शेपटी, सुरावटीची आस, कुजबुजलेले शब्द हे सगळं तो झाकून टाकतो. मग हात आपोआप आवाज वाढवायला जातो आणि उरतो तो फक्त गाळ. हा ईपी रात्री, पंखा बंद करून, मध्यम आवाजात ऐकायचा आहे.

ज्यांना हे ऐकून थांबायचं नाही, वाजवायचं आहे, त्यांच्यासाठी हा ईपी म्हणजे फार उत्तम पाठ आहे, त्याच्या चुकांसकट. 'दे डाय'पासून सुरुवात करा. बोटांना अवघड असं त्यात फार काही नाही, सगळी कसोटी लयीची आहे.

ड्रमर नेहमी एकाच ठिकाणी चुकतो: फिल संपल्यावरच्या पहिल्या ठोक्यावर. फिल वाजवताना हात गरम होतो आणि पुढचा बार मिनिटाला दोन-तीन ठोक्यांनी (बीपीएम) वर जातो. चार फिलनंतर गाणं ६० वरून ७० वर पोचलेलं असतं आणि ते कोणाच्याच लक्षात आलेलं नसतं. उपाय असा, की मेट्रोनोम ६० ऐवजी १२० ला लावायचा, म्हणजे प्रत्येक ठोक्याच्या मधला अर्धाही ऐकू येतो. आठवडाभराने तो ६० वर आणायचा, आणि त्यानंतर ३० वर, म्हणजे एक ठोका सोडून एक. ३० वर जो टिकतो तो मंचावर टिकतो. तबला शिकलेल्यांना इथे एक फायदा आहे आणि एक धोकाही. फायदा म्हणजे विलंबित एकतालातली रुंद मात्रा अंगात मुरलेली असते. धोका असा, की तिथे रिकाम्या मात्रेत तिरकिट भरायची सवय असते आणि हात ती जागा सोडत नाही. डूममध्ये ती जागा गिटारच्या आसेची आहे. ड्रमरने ती भरली की सगळा जडपणा उडाला. हलगीवाल्यांनाही हेच सांगावं लागतं. हलगीचा ठोका तुटक असतो, कातडं शेकून ताणलेलं असतं ते त्यासाठीच. इथे ठोक्यानंतरचा घुमारा राखायचा आहे, म्हणून किकच्या आत उशी कोंबू नका, एक दुमडलेला टॉवेल पुरे.

गिटारवाल्यांची नेहमीची चूक म्हणजे गेन, म्हणजे आवाज किती फाटेल ते ठरवणारं बटण. पेडल पूर्ण फिरवलं की एकटं वाजवताना भारी वाटतं, पण दोन गिटारी तीन सुरांच्या अंतरावर एकत्र सुरावट वाजवायला लागल्या की दोन्ही फाटलेले आवाज एकमेकांत कालवले जातात आणि सुरावट ओळखू येत नाही. खाली कॉर्ड धरणाऱ्याने गेन निम्म्यावर, वर सुरावट ओढणाऱ्याने त्याहून किंचित जास्त. अँपवरचे मिड (मधल्या पट्ट्याचे सूर) कमी करू नका. मिड काढलेला आवाज खोलीत मोठा वाटतो आणि ड्रम सुरू झाले की गायब होतो. नॉइज गेट (आवाज ठरावीक पातळीखाली गेला की तो बंद करणारं यंत्र) लावलं असेल तर त्याची मर्यादा इतकी खाली ठेवा की कॉर्ड शेवटपर्यंत विझेल. गेटने शेपटी कापली की चार सेकंदांच्या बारात दीड सेकंद मेलेली शांतता येते, आणि रेंगाळल्यासारखं वाटण्याचं कारण बरेचदा तेच असतं.

ट्यूनिंग खाली उतरवणार असाल तर तारा बदला. १०-४६ चा संच (आकडे तारांच्या जाडीचे, सगळ्यात बारीक आणि सगळ्यात जाड) एक पूर्ण सूर खाली उतरवला, म्हणजे जाड तार ८२ वरून ७३ हर्ट्झवर आणली, की ती सैल पडते. जोरात छेडली की सुरुवातीला सूर वर चढतो आणि मग खाली बसतो. संथ लयीत हा चढ-उतार उघडा पडतो, कारण लपायला पुढचा सूरच नसतो. ११-५२ च्या आसपासचा संच घ्या. तारांचा ताण बदलला की नेकची वाकही बदलते. ट्रस रॉड (नेकच्या आतली, तिची वाक सांभाळणारी सळई) एका वेळी पाव फेऱ्याहून जास्त फिरवू नका, आणि लाकडाला एक दिवस द्या. शेवटी बाराव्या फ्रेटवर सूर तपासून ब्रिजवरचे सॅडल (तारांचे छोटे टेकू) मागे-पुढे करा. दोन गिटारी बाराव्या फ्रेटच्या वर जुळत नसतील तर कितीही रियाज केला तरी ती वरची सुरावट बेसूरच लागणार. आपल्या पावसाळ्यात ही तपासणी महिन्यातून एकदा करावी लागते. हवेतल्या ओलीने नेक हलते आणि तारा गंजतात. वाजवून झालं की सुती फडक्याने तारा खालून-वरून पुसणं हा सगळ्यात स्वस्त उपाय.

खोलीबद्दल. भाड्याने मिळणारी तालमीची खोली साधारण १० बाय १२ फुटांची असते. १० फुटांच्या दोन समोरासमोरच्या भिंतींमध्ये ५६ हर्ट्झच्या जवळचा सूर घुमतो, १२ फुटांमध्ये ४७ च्या जवळचा. बेसची उघडी ए तार ५५ हर्ट्झला आहे. म्हणजे त्या खोलीत ए वाजवला की भिंती हलणार आणि शेजारचा सूर वाजवला की बेस हरवणार. दोष बेसवाल्याचाही नाही, अँपचाही नाही. अंड्यांचे ट्रे आणि पातळ फोम यावर काही करत नाहीत, ते फक्त वरचे सूर शोषतात आणि खोली आणखी गढूळ वाटते. अँप कोपऱ्यातून बाहेर काढा, भिंतीपासून दोन-अडीच फूट, आणि लांबीच्या बरोबर मध्यावर उभं राहून मिक्स ठरवू नका. हाच प्रयोग करून पाहिला की या ईपीच्या मिक्सिंगकडे थोड्या दयेने बघता येतं.

ग्रोलसाठी दोनच सूचना. आवाज घशाने ढकलायचा नाही, पोटातल्या हवेने चालवायचा. खऱ्या स्वरतंतूंच्या वरच्या खोट्या पडद्या थरथरल्या पाहिजेत, आणि जळजळ झाली की त्या दिवशी तिथेच थांबायचं. दुसरी सूचना खास आपल्याकडची: तांबडा रस्सा ओरपून लगेच ग्रोल करायला उभे राहू नका. पोटातलं आम्ल वर येतं आणि सुजलेल्या घशावर आवाज काढला तर दुखापत होते. मध्ये तीन तास जाऊ द्या. अल्लादिया खाँसाहेबांचा आवाज तरुणपणी अतिगायनाने बसला होता. उरलेल्या आवाजातून त्यांनी नवी गायकी घडवली हे खरं, पण ती त्यांची प्रतिभा. आपण तो धोका पत्करू नये.

दुखापतीतून नवं घडण्याचं हेच नातं या जड आवाजाच्या जन्माशीही आहे. बर्मिंगहॅमच्या पत्र्याच्या कारखान्यात ब्लॅक सबाथ बँडचा गिटारवादक टोनी आयोमी याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं मशीनमध्ये गेली. तो डावखुरा, म्हणजे ती फ्रेटवरची बोटं. प्लास्टिकच्या टोप्या, हलक्या तारा आणि १९७१ पर्यंत चांगलंच खाली उतरवलेलं ट्यूनिंग, यातून ब्लॅक सबाथचा आवाज आला आणि त्यातून डूम. कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या कारखान्यांत प्रेसवर काम करणाऱ्या कोणालाही ती जखम समजावून सांगावी लागणार नाही. अ‍ॅनाथिमाची मर्यादा वेगळी होती. वय कमी, आणि वेगात वाजवण्यात समकालीन डेथ मेटल बँडांशी बरोबरी करता येईल अशी तयारी या ईपीवर तरी दिसत नाही. जिथे त्यांनी ही मर्यादा मान्य करून संथ लयीत मुक्काम केला तिथे ते स्वतःचे आहेत, आणि जिथे वेगाने ती झाकायला गेले तिथे इतर कोणाचेतरी.

विकत घ्यायचा असेल तर सुटा ईपी शोधत बसण्याची गरज नाही. पीसव्हिलने २००१ मध्ये तो 'पेंटेकोस्ट थ्री'सोबत एकाच सीडीवर काढला. 'पेंटेकोस्ट थ्री' १९९५ चा, डॅरेन व्हाइटचा या बँडसोबतचा शेवटचा, आणि नावाला ईपी असला तरी ४० मिनिटांच्या पुढचा. दोन्ही एका बैठकीत ऐकले तर सांधे तीन वर्षांत किती सफाईने बसायला लागले ते दिसतं. वेळ कमी असेल तर 'दे डाय', नावाचं गाणं, आणि मग थेट 'पेंटेकोस्ट थ्री'. 'द स्वीट सफरिंग'मधले रिफ मात्र गिटार हातात घेऊन नंतर जरूर काढा, आणि त्यांच्यामधला सांधा तुम्ही कसा बसवला असता ते वाजवून बघा.